पाठीवर सात

२ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर बोलायची सोय नाही म्हणून पत्र. मी रिसीव्हर उचलला की आईला नेमकं त्याच खोलीतलं कपाट आवरायचं असतं. आणि तू तर फोनला हातच लावत नाहीस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी ऐकून तुझे कान विटले, हे आम्हाला पाठ आहे.

मुद्द्याचं सांगते. एक मुलगा आहे. तुझ्याच गावात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. मैत्रिणीच्या लग्नात भेट झाली, मग आणखी एकदा, बाकी सगळं फोनवर. त्याने लग्नाचं विचारलंय आणि मी वेळ मागून घेतलाय.

माणूस चांगला वाटतो. पण तो पहिलाही चांगलाच वाटला होता. आठवतोय ना? रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायचा, आणि ऑफिसच नव्हतं. बागेत बसून डबा खायचा. लग्नाचा हॉल ठरला तेव्हा कळलं. सगळ्या घराने त्याला चहा पाजून, जेवू घालून पारखून घेतलं होतं. तू एकटी म्हणाली होतीस की ह्याचा आवाज मला पटत नाही, आणि आम्ही तुला हसलो होतो.

म्हणून ह्या वेळी चहापाणी नाही. ह्याला कळू न देता बघायचं. रविवारी दुपारी तो गोदामांमागच्या मैदानावर क्लबची मॅच खेळतो. तू जा. ओळख द्यायची नाही, कुणाला काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. हेल्मेटमध्ये सगळे सारखेच दिसतात म्हणून मी फोनवर सहज विचारल्यासारखा त्याचा नंबर काढून ठेवलाय. पाठीवर सात.

मला एकच सांग. खोटं बोलतो का? मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. साखर कळते, कावीळ कळते, हे कळत नाही.

तुझी,
भाची

ता.क. उंच आहे, जरा पोक काढून चालतो. चष्मा आहे.


११ जानेवारी

भाचीबाई,

जाऊन आले. पाय सुजलेत, मान एकाच बाजूला वळतेय आणि नाकाचा शेंडा सोलून निघालाय. तुझ्या लग्नात मला पहिल्या रांगेत खुर्ची पाहिजे.

मैदान कसलं, गोदामं बांधून उरलेली जागा. एका अंगाला गवत, एका अंगाला नुसती माती, आणि मधला पट्टा तेवढा दाढी केल्यासारखा गुळगुळीत. मी घडीचं स्टूल आणि माझी छत्री घेऊन रोलरपाशी बसले. शेजारी एक बाई विणत बसलेल्या, कॅप्टनची आई. मान वर न करता त्यांना सगळी मॅच दिसत होती. तू म्हणालीस विचारायचं नाही, म्हणून मी तोंड उघडलं नाही. त्यामुळे त्यांनाच बोलावं लागलं.

तर सात. सुरुवातीलाच खेळायला उतरला. मला लांबचं थोडं धूसर दिसतं (वयाचं आहे ते, चष्मा लागलेला नाही), पण पाठीवरचा आकडा एवढा दणदणीत की आंधळ्यालाही दिसावा. आणि काय खेळतो ग. चेंडू गोदामाच्या पत्र्यावर असे आदळायचे की आतला वॉचमन बाहेर येऊन शिव्या देऊन गेला. चष्मा दिसला नाही, पण खेळताना काढत असेल. हलवाई कुठे स्वतःची मिठाई खातो? पोकही दिसला नाही. मलासुद्धा एक्सचेंजमध्ये हेडफोन लावला की कंबर दुखायची थांबायची.

आता वाईट भाग. ह्या लोकांकडे अंपायर विकत आणायची ऐपत नाही. जी टीम बॅटिंग करते तिचेच दोघे जण आळीपाळीने अंपायर होऊन उभे राहतात. म्हणजे घरच्या भांडणात घरचाच न्यायाधीश. ह्यात कुणी घरच्याला आउट देत नाही, अगदी त्रिफळा उडाला तरच नाइलाज, असं कॅप्टनच्या आई म्हणाल्या. ते मला पटलं. माणुसकी म्हणून काही असतं.

सातच्या समोर उभा होता तो अंपायर म्हणजे नमुना. कुठल्या तरी केमिस्टचा पांढरा कोट घातलेला, बाह्या कोपरापर्यंत. वाकलेल्या दिव्याच्या खांबासारखा उभा. दर दोन चेंडूंनी चष्मा काढायचा आणि खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसायचा, जसं काही त्याला हिरे पारखायचे होते.

जिंकायला थोडेच रन उरले होते. सातने बॅट फिरवली, चेंडू मागे विकेटकीपरच्या हातात गेला आणि समोरची सगळी टीम अंपायरकडे बघून बोंबलली. सात जागचा हलला नाही. दंड चोळायला लागला, म्हणजे चेंडू दंडाला लागला. मला टक् असा बारीक आवाज आला, पण तो कुणाच्या तरी डब्याच्या झाकणाचा असणार. अंपायरने मान खाली घातली, जरा वेळ विचार केला आणि बोट वर केलं. स्वतःच्या माणसाला. जिंकत आलेली मॅच होती.

कॅप्टनच्या आईंच्या हातातून टाका सुटला, ह्यावरून समज. मग काय, मागचे सगळे पत्त्यांसारखे कोसळले आणि आपण हरलो. (आपण म्हणजे ते.) कॅप्टन त्या खांबाच्या अंगावर धावून गेला. तो एवढंच म्हणाला, ‘आवाज आला.’ ना माफी, ना लाज.

आपला मुलगा मात्र सोनं. आमच्याजवळ येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘काकू, शप्पथ सांगतो, बॅट जवळपाससुद्धा नव्हती.’ आवाज थोडा तेल लावल्यासारखा वाटला. पण दिवसभर उन्हात घसा कोरडा पडला की होतं तसं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: खोटं बोलणारा नाही. डोळे झाकून हो म्हण. आणि लग्नाला त्या अंपायरला बोलवू नका.

तुझी,
मावशी


१९ जानेवारी

मावशी,

काहीतरी बिनसलंय आणि मला कळत नाहीये काय.

तुझं पत्र वाचून मी हवेत होते. त्या रात्रीच त्याचा फोन आला. हो म्हणायचं ठरवूनच मी उचलला. आवाज उतरलेला. म्हणाला, मॅच हरलो, एका निर्णयावरून राडा झाला, क्लबमध्ये कुणी बोलत नाही. पुढे काही सांगेना. मला तर तुझ्यामुळे सगळं ठाऊक, पण तू गेली होतीस हे सांगता येईना. म्हणून त्याला बरं वाटावं असं काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, आउट देणारा तुमच्यातलाच असणार, असे असतात काही. जो आपल्याच माणसाला दगा देतो त्याचं मी तोंड बघितलं नसतं. चांगलं ठासून बोलले. लाज वाटायला पाहिजे असल्या माणसाला, असंही म्हटलं.

तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन नाही. मी दुकानात केला तर म्हणे कामात आहे. मी त्याची बाजू घेतली, आणि तो माझ्यावर रुसला? माझं कुठे चुकलं? मावशी, पुन्हा जा. येत्या रविवारी जा आणि बघ तो कसा आहे.

तुझी,
हवेतून खाली आलेली भाची


२५ जानेवारी

भाचीबाई,

मैदानावर जाऊन आले. विशेष काही नाही. हवा छान होती.

तुझ्या आईची कंबर कशी आहे?

तू त्याला फोन करू नकोस. रागाने नको, प्रेमाने नको, चुकून लागला म्हणूनही नको. उत्तर तर मुळीच देऊ नकोस, होही नाही आणि नाहीही नाही. आईच्या कंबरेचं कळव. मी लांबचा चष्मा करून घ्यायचं म्हणतेय.

मावशी


३० जानेवारी

मावशी,

आईची कंबर ठणठणीत आहे. तिचा गुडघा दुखतो, गेली कित्येक वर्षं. तू कंबरेचं दोनदा विचारलंस आणि मॅचबद्दल एक ओळ लिहिलीस. जी बाई डब्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा पत्रात लिहिते तिला एका आख्ख्या दुपारीत ‘हवा छान होती’ एवढंच दिसलं?

तूही लपवायला लागलीस. म्हणजे तो खोटारडा निघाला, असंच ना? दुसरी कुणी आहे? दुकानच नाहीये? सांगून टाक. ह्या बाबतीत माझं सगळं लसीकरण झालेलं आहे.

त्याचा अजून फोन नाही. गप्प बसणं हे खोटं बोलण्याचंच धाकटं भावंड असतं. मी सोमवारपर्यंत थांबते, नऊ तारखेपर्यंत. तोवर तुझं खरं पत्र आलं नाही तर त्याला नाही म्हणून कळवणार आणि आईला सांगणार की माझ्यासाठी ह्यापुढे कुणी बघू नका, मला माझी लॅब पुरे.

भाची


३ फेब्रुवारी

भाचीबाई,

बस. काहीतरी धरून बस.

त्या दुसऱ्या रविवारी मैदानावर सात नव्हताच. मी आपली कॅप्टनच्या आईंशेजारी बसून शोधतेय. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘काकू, पाणी आहे का?’ तोच तेल लावलेला आवाज. माणूस चुकेल, आवाज मला चुकायचा नाही. वळून बघते तर पाठीवर बारा.

म्हटलं, आता गेला तुझा नियम खड्ड्यात, आणि विचारलं. कॅप्टनच्या आई म्हणाल्या, हा तर नेहमीचाच बारा. गेल्या मॅचला तेवढी दुसऱ्याची जर्सी घातली होती. ह्या पोरांचं सगळं सामाईकच असतं, हेल्मेट एक, बऱ्या बॅटी दोन, पॅड ज्याला मिळतील त्याला. मी म्हटलं, सात कुणाचा मग? त्या म्हणाल्या, ‘त्या अंपायरचा.’

माझ्या हातातून छत्री पडली. तो वाकलेला खांब, तो दगाबाज, पिवळं फडकं. चष्म्याच्या दुकानातलं फडकं. मला दिसत होतं ग सगळं, फक्त मी बघत होते तो आकडा.

आज का आला नाही, काढला का त्याला? तर म्हणे छे, आम्ही कुणाला काढत नाही. मॅच किती वाजता आहे ते कुणी त्याला सांगितलं नाही, एवढंच.

घरी येऊन तुला काय लिहिणार होते? की तुझ्या मावशीने भलत्याच माणसाचे गोडवे गायले आणि खऱ्याला तुझ्या तोंडून शिव्या घातल्या? म्हणून कंबर.

मग मी काल त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक म्हणून, ओळख न देता. दुकान चिंचोळं, पुढे आरसे, मागे पडद्याआड घासायचं मशीन. मालक बाहेर गेलेला, हा एकटाच. मला खुर्चीत बसवून नाकावर लोखंडी सांगाडा चढवला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मला वरची दोनच दिसली. मी खालच्या ओळी अंदाजाने ठोकून दिल्या. तो म्हणाला, काकू, अंदाज नको, दिसेल तेवढंच सांगा. कुणाला सांगतोय बघ.

भिंग बदलता बदलता मी आपलं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, त्या मैदानावरून जात होते, तुम्ही लोकांनी काय गोंधळ घातला होता. त्याने पुढचं भिंग चढवलं. मी म्हटलं, चेंडू लागला तरी होता का त्या पोराच्या बॅटला?

तो म्हणाला, ‘आवाज आला होता. बारीक, टक् असा.’

भाचीबाई, मला तिथे त्या लोखंडी सांगाड्यात रडू आलं. कारण मलाही आला होता. वारा आमच्याकडे वाहत होता आणि माझ्या कानांनी आयुष्यात कधी दगा दिलेला नाही. तो आवाज बॅटचाच. डब्याचं झाकण असं वाजत नाही. मला कळलं होतं आणि मी ते डब्याखाली झाकलं, कारण मला सात आवडला होता.

मी म्हटलं, मग मित्रासाठी नसता ऐकला तर? त्यावर तो भिंगावर फुंकर मारून म्हणाला, ‘ऐकल्यावर नाही कसा ऐकू?’

आवाज खरखरीत आहे. साधा. मधे कुठे गाठ नाही. मी ह्या आवाजावर ट्रंक कॉलसुद्धा फुकट जोडून दिला असता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दुपारी माझ्यासमोर बोट वर करून उभं होतं. ह्या माणसाला खोटं बोलताच येत नाही. त्याला अजून पत्ता नाही मी कोण ते. आता तूच फोन कर, आणि आधी माफी माग.

मावशी


९ फेब्रुवारी

मावशी,

पत्र शनिवारी मिळालं. आईला सरळ सांगितलं, मला एक फोन करायचाय, तू कपाट आवर किंवा नको आवरूस. ती खुर्ची घेऊन बसली. तिच्यादेखत दुकानात लावला आणि मालकाला म्हटलं, कामात असला तरी द्या.

मी म्हटलं, अंपायर तू होतास. मला माहीत नव्हतं. मी जे बोलले ते सगळं परत घेते.

तो म्हणाला, परत घेऊ नकोस, आधी जर्सीचं ऐक. आता तू बस, मावशी. काहीतरी धरून बस.

त्याला तू येणार हे आधीच माहीत होतं. मी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की माझी मावशी तुमच्याच गावात असते आणि पडद्याच्या फुलाफुलाच्या कापडाने ठिगळ लावलेली छत्री वापरते. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझा नंबर किती. त्याच्या भाषेत सांगायचं तर मी इतकं सहज विचारलं की दुकानातल्या आरशांनाही कळलं असतं. आणि त्याला बॅटिंग येत नाही. नवव्या नंबरला जातो आणि लगेच परत येतो. म्हणून त्याने बाराला गाठलं, म्हणाला आज माझी जर्सी घाल, शकुनाची आहे, आणि स्वतः कोट चढवून अंपायर झाला. का, तर मावशीने बघितलेला सात चांगला खेळावा.

म्हणजे ज्यासाठी तू नाक सोलून घेतलंस तो सगळा बनाव होता. तू दुकानात ओळख लपवून बसलीस तेव्हा ठिगळाची छत्री दाराशी टेकवलेली होती. त्याने तुला आत येतानाच ओळखलं होतं. आम्ही तिघं एकमेकांना चोरून बघत होतो आणि दिसत कुणालाच काही नव्हतं.

मी चिडले. म्हटलं, मी साऱ्या जगात एकच गोष्ट शोधत होते, आणि तू तिथेच खोटेपणा केलास. तो म्हणाला, हो, केला. म्हणूनच फोन उचलत नव्हतो. बोट मी वर केलं हे सांगायचं तर जर्सीचंही सांगावं लागलं असतं.

मग माझ्या डोक्यात आलं ते विचारलं. अरे, पण मावशीसाठी तो सात म्हणजे तूच होतास. मॅच जिंकून देत होतास. मग बोट कशाला वर केलंस? गप्प बसला असतास तर सगळं जुळून आलं होतं.

तो म्हणाला, ‘आवाज आला ना. मग काय करणार?’

त्या पहिल्याने ऑफिस नसताना ऑफिस दाखवलं आणि शेवटपर्यंत निभावलं. ह्याने रन नसताना रन दाखवायला घेतले आणि अर्ध्या वाटेत स्वतःच स्वतःला आउट देऊन आला. मला वाटतं एवढं खोटं संसाराला चालेल.

मी हो म्हटलंय. आई खुर्चीतून म्हणाली, बॅटिंग येत नाही हे लग्नाआधी कळलं ते बरं झालं.

तुझी,
भाची


१५ फेब्रुवारी

भाचीबाई,

छत्री मी आता फक्त घरात वापरणार आहे.

तुझं पत्र मिळायच्या आधीच मी कॅप्टनच्या आईंकडे जाऊन सांगून आले होते की तो आवाज मीही ऐकला आहे. त्यांनी दोन टाके उलटे घातले आणि म्हणाल्या, ऐकला मीही होता, पण पोटचा पोर कॅप्टन आहे. रात्री त्यांनी पोराला काय सांगितलं कोण जाणे. आज मॅच किती वाजता आहे ते आपल्या मुलाला कुणीतरी कळवलं.

मी नवा चष्मा लावून गेले. त्यानेच घासलेला. काय सांगू, गवताला पाती असतात.

तो नवव्या नंबरला उतरला. पाठीवर सात, चेहरा बघून खात्री केली. पोक, चष्मा, सगळं जागच्या जागी. आणि समोर अंपायरचा कोट घालून कोण? बारा.

पहिला चेंडू. कॅप्टनच्या आईंनी मला आधीच शिकवून ठेवलंय की चेंडू पायावर आदळला तर आउट देतात, पण आधी बॅटला लागला असेल तर नाही. मी स्वच्छ ऐकलं. आधी टक्, मग थप्. बॅट, मग पाय. समोरची टीम उगाच ओरडायचं म्हणून ओरडली, आणि त्यांचं ओरडून व्हायच्या आत बाराचं बोट वर. इतक्या आनंदाने वर केलेलं बोट मी कुठे बघितलं नाही.

आपला मुलगा काही बोलला नाही. बॅट काखेत मारली आणि चालायला लागला.

मी मात्र बोलले. स्टुलावरून उठून, मैदानाच्या मधोमध जाऊन बोलले. एक्सचेंजमध्ये जन्मभर जे जे ऐकलं आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही, त्यातलं निवडक सगळं बाराला ऐकवलं. वॉचमन बाहेर येऊन टाळ्या वाजवत होता. कॅप्टनच्या आईंनी मला हाताला धरून परत आणलं आणि अंपायर काही बोट खाली घेईना.

जावई पहिल्याच चेंडूवर आउट. हॉल बघायला घ्या.

तुझी,
मावशी